पातळ पात्याचा जनक : किंग कॅम्प जिलेट

आमच्या हुबळी-धारवाडकडील जुन्या घरांत न्हाणीघराच्या बाहेर भिंतीत एक कोनाडा असे. त्यात एक लहानसा आरसा, दाढीच्या साबणाची वाटी, केसाळ कुंचला, तुरटीचा खडा आणि निकेलचा मुलामा दिलेले दाढीचे यंत्र एवढे साहित्य हारीने मांडलेले असे. सकाळी वडील तेथे उभे राहत, आणि ऊन पाण्याचा तांब्या नेऊन देणे हे घरातील मुलाचे काम असे. पुढे त्याच मुलाच्या ओठावर मिसरूड फुटले म्हणजे एके दिवशी वडील बाजूला सरकून त्यालाच आरशासमोर उभे करीत. आमच्या बाबतीतही असेच घडले. पाटीवर पेन्सिल दाबावी तसे आम्ही ते यंत्र गालावर दाबले आणि हनुवटीपर्यंत पोहोचण्याच्या आतच तीन ठिकाणी रक्त काढले. तुरटी झोंबली, घरातील वडीलधारी मंडळी हसली, आणि जोर करणे म्हणजे कौशल्य नव्हे, हा धडा आम्हांस मिळाला. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात आम्हांस आढळला नव्हता.

हे यंत्र आमच्या कोनाड्यापर्यंत कोठून आले? एके काळी पात्याच्या प्रत्येक पुडीवर एका गृहस्थाचे चित्र व त्यांची सही छापलेली असे. रुंद कपाळ, नीट विंचरलेले केस आणि मौज म्हणजे ओठांवर भरघोस मिशा! साऱ्या जगाच्या दाढ्या उतरविणाऱ्या ह्या गृहस्थांचे नाव किंग कॅम्प जिलेट. देशोदेशींच्या लोकांस त्यांचा चेहरा ठाऊक होता. परंतु त्यांच्या मनात काय चालले होते, हे फार थोड्यांना ठाऊक होते. त्यांचे चरित्र विद्यार्थिमित्रांनी वाचावे असे आम्हांस वाटते, ते एवढ्याचसाठी की, त्यात यश आणि अपयश ही दोन्ही सारखीच बोधप्रद आहेत.

जिलेट ह्यांच्या पूर्वी दाढी करणे हे स्वतःचे काम नव्हते, दुसऱ्याचे होते. आपल्याकडे नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. काखेत धोकटी मारून तो घरोघर जाई, आणि सुगीच्या वेळी आपल्या वाट्याचे धान्य नेई. त्याच्या धोकटीतील वस्तरा म्हणजे उघडे पोलादी पातेच. त्याला सहाणेवर धार लावावी लागे, चामड्याच्या पट्ट्यावर पुनःपुन्हा पलटून ती साफ करावी लागे, आणि एवढे केल्यावर तो दुसऱ्याच्या गळ्यावरून अलगद फिरवावा लागे. ही विद्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येई. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक घरीच वस्तरा वापरीत, पण त्यांचीही तारांबळ उडे. धार गेली की वस्तरा कारागिराकडे धाडावा लागे आणि हात चुकला की चेहऱ्यावर कायमची खूण राही.

किंग कॅम्प जिलेट ह्यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात फाँ द्यू लाक ह्या गावी झाला. पुढे त्यांचे कुटुंब शिकागो शहरी येऊन राहिले. वडिलांना यंत्रे व नवी साधने ह्यांचा छंद होता, आणि मुलांनीही एखादी वस्तू हाती आली की ती अधिक चांगली कशी करता येईल ह्याचा विचार करावा, असे घरातील वळण होते. आई फॅनी ह्या पाककलेत निपुण होत्या. त्यांनी अनेक वर्षे पाककृती जमवून १८८७ साली प्रसिद्ध केलेला पाकशास्त्राचा ग्रंथ अमेरिकेत घरोघरी पोहोचला. अशा उद्योगी घरावर १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यात घाला आला. शिकागो शहरास भयंकर आग लागली, हजारो घरे भस्मसात झाली, आणि जिलेट कुटुंबाचेही होते नव्हते ते सर्व गेले. त्या वेळी किंग अवघे सोळा वर्षांचे होते. शाळा तेथेच सुटली आणि पोटासाठी त्यांनी नोकरीची वाट धरली.

त्यांच्या वाट्याला फिरत्या विक्रेत्याचा धंदा आला. पेटी घेऊन गावोगाव हिंडावे, दुकानदारांपुढे माल मांडावा, नकार ऐकावे आणि पुन्हा पुढच्या गावाची गाडी पकडावी. ह्या भटकंतीत त्यांना माणसे वाचण्याची कला साधली. ते फावल्या वेळात लहानसहान शोधही लावीत, त्यांची पेटंटेही घेत, पण त्यांपैकी एकानेही त्यांचे दैन्य फिटले नाही. चाळिशी जवळ आली तरी जिलेट विक्रेतेच राहिले होते.

ह्याच सुमारास ते विल्यम पेंटर ह्या गृहस्थांच्या कारखान्यात नोकरीस लागले. सोड्याच्या बाटलीवरचे नागमोडी कडेचे पत्र्याचे झाकण तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. ते पेंटर ह्यांनीच शोधून काढले व १८९२ साली त्याचे पेटंट मिळविले. बाटली उघडली की झाकण निरुपयोगी होते आणि कारखान्यास पुन्हा नवे झाकण करावे लागते, ह्यातच पेंटर ह्यांच्या समृद्धीचे रहस्य होते. एकदा वापरून टाकून द्यावी आणि पुन्हा विकत घ्यावी अशी एखादी वस्तू शोधून काढा, असा सल्ला त्यांनी जिलेट ह्यांना दिला. तो सल्ला जिलेट ह्यांच्या मनात घर करून राहिला.

पण त्याच मनात एक दुसरा, अगदी वेगळा विचारही वाढत होता. गावोगाव हिंडताना त्यांनी पाहिले की, एकच वस्तू बनविणारे दहा कारखाने एकमेकांचा गळा कापण्यात आपली शक्ती खर्च करतात, आणि त्या चढाओढीत माल, श्रम व माणसे ह्यांचा अमाप नाश होतो. स्पर्धा हेच साऱ्या दुःखाचे मूळ आहे, असे त्यांचे ठाम मत झाले. १८९४ साली त्यांनी ह्या विषयावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. सर्व उत्पादन जनतेच्या मालकीच्या एकाच संस्थेने करावे, नायगाऱ्याच्या धबधब्याच्या शक्तीवर चालणारे एक विराट नगर उभारावे आणि कोट्यवधी लोकांनी तेथे गरिबीवाचून राहावे, असे स्वप्न त्यांनी त्यात रंगविले होते. एका बाजूला वापरून टाकण्याजोगी वस्तू शोधणारा विक्रेता, आणि दुसऱ्या बाजूला नासाडीस विटलेला स्वप्नाळू सुधारक! ही दोन माणसे एकाच देहात नांदत होती. पुढील सारे चरित्र वाचताना विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१८९५ सालच्या एका सकाळी, बॉस्टनजवळील ब्रुकलाइन येथे आपल्या घरी जिलेट आरशापुढे उभे होते. वस्तऱ्याची धार साफ गेली होती. पट्ट्यावर घासूनही ती येण्यासारखी नव्हती. वस्तरा हातात धरून ते तसेच उभे राहिले आणि त्यांच्या मनात एकाएकी एक विचार चमकला. दाढी करण्यास लागते ती केवळ धार. मग त्या धारेच्या पाठीमागे एवढे जाडजूड पोलाद कशासाठी? पोलादाच्या पातळ फितीचे एक पाते करावे, त्याच्या दोन्ही कडांस धार लावावी, मुठीच्या टोकाशी दोन चकत्यांच्या मध्ये ते घट्ट धरावे, आणि धार बोथट झाली की पाते टाकून नवे बसवावे! त्याच दिवशी त्यांनी दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या कमानीसाठी वापरतात तशी पोलादी पट्टी, एक लहान शेगडा आणि कानशी आणून पहिला ओबडधोबड नमुना बनविला. पत्नी परगावी होती. आता आपले भाग्य उजाडले, अशा अर्थाचे पत्रही त्यांनी तिला लिहून टाकले.

पण भाग्य उजाडावयास अजून आठ वर्षे होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वस्तऱ्यास आडोसा देण्याची कल्पना काही जिलेट ह्यांची नव्हे. फ्रान्समधील पेरे नावाच्या कारागिराने अठराव्या शतकातच सुताराच्या रंध्यावरून सूचना घेऊन वस्तऱ्याला लाकडी संरक्षण बसविले होते, आणि स्वतःची दाढी स्वतः करण्यास कसे शिकावे ह्यावर एक ग्रंथही लिहिला होता. न्यूयॉर्कमधील काम्फे बंधूंनी १८८० साली दातेरी आडोशाचे दाढीचे यंत्र काढले होते. परंतु ह्या सर्वांतील पाते जाड असल्याने त्याला पुन्हा धार लावण्याची कटकट होतीच. पाते पातळ, स्वस्त आणि बदलता येणारे असावे, हे मर्म जिलेट ह्यांनी ओळखले. शोध म्हणजे शून्यातून काही निर्माण करणे नव्हे. चार जणांनी जेथपर्यंत वाट आणून सोडली, तेथून पुढचे पाऊल टाकणे हेच बहुधा शोधकाचे काम असते.

अडचण पोलादाची होती. आपल्या हुबळीस दक्षिण मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो कारखाना उभारला, तेथे काम केलेल्या कोणाही जाणत्या कारागिराला ती समजेल. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड केले की ते कठीण बनते, आणि कठीण पोलादच धार धरून ठेवते. परंतु जाड हत्यारास असे पाणी देणे निराळे आणि कागदासारख्या पातळ पट्टीस देणे निराळे. पातळ पट्टी तापली की वेडीवाकडी होई, थंड झाली की ठिसूळ बने, आणि धार लावू गेले की मोडे. एका पौंड पट्टीत पाचशे पाती होतील आणि ती पट्टी सोळा सेंटांना मिळेल, असा सोपा हिशेब जिलेट ह्यांनी केला होता. तो सपशेल चुकला. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतील जाणकारांस त्यांनी विचारले. असे पाते होणे शक्य नाही, असे त्यांस सांगण्यात आले. मित्र थट्टा करू लागले. जवळचा पैसा संपत चालला. तरी सहा वर्षे त्यांनी तो नाद सोडला नाही. आपण तंत्रज्ञ असतो तर केव्हाच हात टेकले असते, असे ते पुढे म्हणत.

ह्यावरून शास्त्रशिक्षणाची गरज नाही असे मात्र कोणी समजू नये. कारण जिलेट ह्यांचे घोडे अडले होते ते अखेर एका शास्त्रशिक्षित माणसानेच पुढे काढले. विल्यम निकरसन हे त्याच तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले यंत्रज्ञ. त्यांनी पातळ पट्टीस न वाकविता कठीण करण्याची रीत आणि पात्यांस धार लावणारी यंत्रे सिद्ध केली. एकाची श्रद्धा आणि दुसऱ्याचे ज्ञान ह्यांची गाठ पडली तेव्हा काम झाले. इंग्रजीत निकरसन ह्या नावाच्या आरंभीचे अक्षर कापल्याच्या खुणेचे वाचक आहे. दाढीच्या यंत्राला असे नाव कोण देणार? त्यामुळे जगभर गाजले ते जिलेट हेच नाव. १९०१ साली कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी तिला जिलेट ह्यांचे नाव मिळाले. पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पदरात पडले.

१९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, यंत्रे खपली ती ५१, आणि पाती १६८! आठ वर्षांच्या तपश्चर्येचे हे फळ पाहून कोणाही माणसाचा धीर सुटला असता. आपल्याच मुलखातील एक उदाहरण येथे आठवते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी ह्याच सुमारास लोखंडी नांगर बनविला. तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशा समजुतीने शेतकरी त्याला शिवेनात, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. नवी वस्तू कितीही चांगली असली तरी लोकांच्या हाताला तिची सवय व्हावी लागते. जिलेट ह्यांच्या यंत्राची सवय मात्र झपाट्याने झाली. दुसऱ्याच वर्षी ९०,८८४ यंत्रे विकली गेली.

आता त्या यंत्राची रचना पाहू. पाते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे, म्हणजे हातात धरले तर सहज वाकणारे. ते वरच्या गोलसर टोपणाखाली व खालच्या पट्टीवर ठेवून मूठ पिळली की कमानीसारखे वाकते व त्यामुळेच ताठ होते. धारेचा केसभर भाग तेवढा बाहेर राहतो. बाकी सर्व झाकलेले. जे पाते बोट कापू शकते, तेच असे बांधून घेतल्यावर चेहऱ्याचे रक्षण करते. मात्र रक्षणाचा अर्धा भाग यंत्रात असतो आणि अर्धा शिकणाऱ्याच्या हातात. प्रथम ऊन पाण्याने दाढी भिजवून केस मऊ करावेत. कुंचल्याने साबणाचा दाट फेस करावा. यंत्र गालाशी सुमारे तीस अंशांचा कोन करून धरावे, कातडी दुसऱ्या हाताने किंचित ताणावी, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने आखूड आखूड हात फिरवावा. दाब मुळीच देऊ नये. यंत्राचे वजन पुरेसे असते. शेवटी गार पाणी आणि तुरटी. घाई केली तर यंत्र ताबडतोब शिक्षा करते. पहिल्या धड्याच्या वेळी कोणी वडीलधारे जवळ असावे, आणि लहान मुलांनी पात्यास हात लावू नये, हे सांगावयास नकोच.

आज असे सांगण्यात येते की, यंत्र स्वस्तात द्यावे आणि पात्यांवर नफा मिळवावा ही युक्ती जिलेट ह्यांनी आरंभापासूनच योजिली होती. हे बरोबर नाही. आरंभी यंत्राची किंमत ५ डॉलर होती आणि त्या काळच्या सामान्य कामगारास ती चांगलीच जड होती. पेटंटाची मुदत १९२१ साली संपली, तेव्हा कंपनीने जुन्या धर्तीचे यंत्र १ डॉलरास विकण्यास प्रारंभ केला. पण यंत्र खरोखर सर्वसामान्यांच्या हाती गेले ते पहिल्या महायुद्धात. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली आणि तिच्या सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख यंत्रे व ३ कोटी २० लाख पाती खरेदी केली. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसावयाचा तर गाल गुळगुळीत असणे भाग होते. खंदकात नाभिक कोठून येणार? लाखो तरुण चिखलात बसून, इवल्याशा आरशात पाहून, स्वतःच्या हाताने दाढी करण्यास शिकले. आणि जे जिवंत परतले त्यांनी ती सवय घरी नेली.

स्वतःच्या हाताने, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आपल्या देशात त्यांचा अर्थ अधिक खोल आहे. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत असताना प्रिटोरिया येथील एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्याचे नाकारले. गांधीजींनी केस कापण्याचे यंत्र आणून आरशापुढे उभे राहून आपले केस आपणच कापले. मागची बाजू बिघडली, कोर्टात मित्रांनी थट्टा केली. पण गांधीजींनी त्या न्हाव्यास दोष दिला नाही. आपल्या देशात आपण अस्पृश्यांना असेच वागवितो, ह्याची त्यांना आठवण झाली. ती आठवण किती खरी होती हे पाहावयास दूर जावयास नको. जिलेट बॉस्टन येथे आपल्या पात्याशी झगडत होते त्याच सुमारास, आपल्या साताऱ्यात भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा शाळेत जात होता. साताऱ्यात न्हावी होते, मोबदला देण्याची घरची ऐपतही होती; पण अस्पृश्याच्या डोक्यास वस्तरा लावण्यास कोणी तयार नव्हते. भीमराव व त्यांचे भाऊ ह्यांचे केस त्यांची थोरली बहीण घरीच कापी, आणि भावांवर हात बसवून बसवून ती त्या कामात तरबेज झाली होती. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. ह्याच बाबासाहेबांनी पुढे दलित विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे काढली, त्यांत आपल्या धारवाडचेही एक होते. विद्यार्थिमित्रहो, त्या बहिणीच्या हाताचा विचार करा. ज्याला कोणी स्पर्श करावयास तयार नाही, त्याच्या हातात एक लहानसे यंत्र आले तर त्याला केवळ दाढीची सोय होत नाही. तो कोणाच्या परवानगीवाचून आपला चेहरा स्वच्छ करून जगापुढे उभा राहू शकतो. यंत्र जात विचारीत नाही. अस्पृश्यतेचा कलंक यंत्राने धुतला जात नाही, तो माणसांनीच धुवावयाचा असतो. पण कोणाच्या दारात उभे राहून नकार ऐकण्याची पाळी तरी ते काही अंशी टाळते. ब्रुकलाइन येथे त्या सकाळी आरशापुढे उभ्या असलेल्या जिलेट ह्यांच्या मनात हे काही नव्हते. परंतु शोधाचे पुण्य शोधकाच्या कल्पनेपलीकडेही पोहोचते.

जिलेट ह्यांच्या स्वतःच्या मनात अजूनही ते जुने स्वप्नच होते. संपत्ती आली, कीर्ती आली, परदेशांतही कारखाने निघाले. पण ह्या पैशाचा उपयोग स्पर्धारहित जग उभारण्यासाठी व्हावा हा त्यांचा ध्यास सुटला नाही. १९१० साली त्यांनी एका जागतिक महामंडळाची योजना मांडली, आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट ह्यांनी नकार दिला. त्याच सुमारास कंपनीतील एका भागीदाराशी मतभेद होऊन जिलेट ह्यांनी आपला बराचसा हिस्सा विकला. त्यांचे नाव व चित्र पुडीवर राहिले, पण सत्ता हातून गेली. १९२४ साली अप्टन सिंक्लेअर ह्या प्रसिद्ध कादंबरीकाराच्या साहाय्याने त्यांनी आपल्या योजनेचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. लोकांनी पाती विकत घेतली, पुस्तके बाजूस ठेवली. १९२९ साली अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला, पाठोपाठ कंपनीचे हिशेबही फुगविलेले निघाले, आणि जिलेट ह्यांची संपत्ती डोळ्यांदेखत वितळून गेली. १९३१ साली ते अध्यक्षपदावरून दूर झाले, आणि ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील आपल्या मळ्यावर निवर्तले. ज्यांचा चेहरा कोट्यवधी घरांत पोहोचला होता, त्यांच्या हाती अखेरीस थोडेच उरले होते.

ह्या जीवनाचे मोल कसे ठरवावे? जिलेट ह्यांना नासाडी नको होती. पण त्यांनी जगाला दिली ती वापरून फेकण्याची वस्तू. त्यांना स्पर्धा नको होती. पण त्यांचे नाव बाजारातील तीव्र चढाओढीचे प्रतीक बनले. आम्हांस वाटते, त्यांना ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. एका माणसाच्या हातून एका आयुष्यात जेवढे सुटले तेवढे त्यांनी सोडविले, बाकीचा प्रश्न पुढच्यांसाठी राहिला. तो आज आपल्यापुढे आहे. पोलादाचे पाते निदान वितळवून पुन्हा उपयोगात आणता येते. त्यानंतर प्लॅस्टिकची मूठच पात्यासकट फेकून देण्याची रीत आली आणि कचऱ्याचे ढीग वाढले. म्हणून कित्येक तरुण आज पुन्हा आजोबांच्या धातूच्या यंत्राकडे वळत आहेत. ते नीट राखले तर पिढ्यान्पिढ्या टिकते. टाकावयाचे ते केवळ पोलादाचे एक पातळ पान.

आणि नाभिकांचे काय झाले? जिलेट ह्यांच्या यंत्राने त्यांचा धंदा बसेल अशी भीती होती. तो बसला नाही. हुबळी-धारवाडच्या रस्त्यांवर त्यांची दुकाने आजही गजबजलेली आहेत. तेथे एक गोष्ट नीट पाहा. कारागीर कागदातून नवे दुधारी पाते काढतो, मधोमध मोडून त्याचे दोन तुकडे करतो आणि त्यांतील एक तुकडा वस्तऱ्याच्या खाचेत सरकवितो. एकाचे रक्त दुसऱ्यास लागून एड्ससारखा रोग पसरू नये म्हणून प्रत्येकासाठी नवे पाते वापरण्याची ही रीत गेल्या काही दशकांत रूढ झाली. ज्या पात्याने नाभिकाची गरज संपावयाची होती, तेच पाते नाभिकाच्या हातात येऊन गिऱ्हाइकाचे रक्षण करीत आहे. वापरून टाकण्याची ती कल्पना, जिचा जन्म नफ्यासाठी झाला, ती येथे परोपकारास लागली.

ज्यांच्या ओठावर अजून मिसरूड फुटले नाही, त्या आमच्या वाचकांना हे यंत्र हाती घेण्यास काही वर्षांचा अवकाश आहे. तो दिवस उगवेल तेव्हा आरशापुढे घाई करू नका, दाब देऊ नका, आणि दोन माणसांची आठवण ठेवा. एक, अशक्य म्हटलेल्या गोष्टीमागे आठ वर्षे लागलेले जिलेट. आणि दुसरी, साताऱ्यातील ती थोरली बहीण, जिला हे यंत्र मिळाले नव्हते, पण जिने आपल्या भावांचे डोके कोणापुढे लववू दिले नाही.